खाली बघणारे मालक

माझ्या सुनेला विचारून काही करायची सवय नाही. गोजरनं मालकांचा फेटा ट्रंकेतून काढला, त्याला कात्री लावली, आणि मला कळलं ते तिच्या मांडीवर चिंध्या बघून.

मालकांना जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला भावकी येणार आणि हार घालायला घरात त्यांचा एक फोटो नाही. फोटोनं माणसाचं आयुष्य कमी होतं म्हणायचे. मिरजगावच्या बाजारात फोटोवाला बसायचा, त्याच्यासमोरून छत्री आडवी धरून जायचे. एवढं करून साठीतच गेले.

गोजर म्हणाली, "आत्याबाई, गोधडीवर मामांचं तोंड उठवते. त्यांच्याच कापडाचं."

"गोधडी पायावर घेत्यात. सासऱ्याच्या तोंडाला पाय लावनार व्हय गं?"

"भितीला लावायची. पांघरायची न्हाई."

साल दुष्काळाचं. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची आणि घरी आली की उजेड असेतो उंबऱ्यात बसून शिवायची. तोंडाला तपकिरी कापड पाहिजे म्हणून धोतर बाभळीच्या सालीत उकळलं. गावात प्यायला पाणी नाही आणि आमच्या चुलीवर धोतर शिजतंय. मी बोलले. तिनं ऐकून घेतलं आणि धोतर पिळलं.

श्राद्धाला आठ दिवस राहिले तेव्हा तिनं गोधडी माझ्यापुढं पसरली. मोठा फेटा, त्याखाली कपाळ, नाकाचा शेंडा, पांढऱ्या दोऱ्याची मिशी. डोळे मिटल्यासारखे. हनुवटी नाहीच.

"हे काय? मानूस ताटात बघतोय."

"मला तेवढंच ठावं हाय, आत्याबाई. बारा वर्सं झाली, मामा समोर आले की पदर डोळ्यावर. जेवताना ते खाली बघायचे, तवा वाढता वाढता दिसायचे."

ही शिस्त मीच लावलेली. घरात आली त्याच दिवशी सांगितलं होतं, सासऱ्यापुढं मान वर करायची नाही. आता मिशी बघितली तर डावीकडं जरा वर गेलेली, भाकरी चावताना जायची तशी. पण बाप्या माणसानं लोकांकडं बघावं. भावकी हसली असती.

"डोळे उघडे पायजेत," मी म्हणाले.

"मग कसे हुते ते तुमी सांगा."

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. चाळीस वर्षं संसार केला. ते बोलायचे, मी चुलीकडं बघून हूं म्हणायचे. आमच्यात तीच रीत. पण सुनेपुढं हे कसं म्हणायचं?

"काळे," मी म्हणाले. "मोठे. बघितलं की समोरचा गप व्हायचा."

तिनं पापण्या उसवल्या, छत्रीच्या कापडाचे काळे डोळे बसवले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गोधडी भिंतीला लावली.

माझा लेक मच्छिंद्र बाहेरून आला. पायताण काढता काढता वर बघितलं.

"हे कोन? तलाठी का?"

"मामा हायेत," गोजर हळूच म्हणाली.

"आमचा बाप? असला कवा हुता? त्येचं डोळं घारं हुतं. आन् एवढं डोळं वटारून त्यानं कुनाकडं बघितलं न्हाई कधी."

मग बायकोलाच बोलायला लागला, तुला काय माहीत, कशाला नसता उद्योग. गोजर खाली मान घालून सुईत दोरा ओवत राहिली. 'आत्याबाईंनी सांगितलं' एवढं म्हणाली असती तर सुटली असती. म्हणाली नाही. भिंतीवरून तो तलाठी माझ्याकडं बघत होता.

मी लेकाला म्हटलं, तू पाय धुऊन ये. तो गेल्यावर गोजरकडं वळले.

"ते डोळं उसव. मीच ठोकून दिलं हुतं, मला बी ठावं न्हाईत. तू जेवताना बघितलास त्योच मानूस खरा. भावकीला काय करायचंय? ती बी ताटातच बघायला येनार हाय."