प्रयागबाईचं उसनं पाप

प्रयागबाईचं दुःख असं होतं की तिच्याजवळ सांगण्यासारखं एकही पाप नव्हतं.

सक्करदऱ्याकडच्या विणकरांच्या वस्तीत पंधरा-वीस घरं ख्रिस्ती होती, त्यातलं एक तिचं. आजोबांनी बाप्तिस्मा घेतलेला, म्हणजे तिची तिसरी पिढी. नवरा रुपराव मागावर लुगडी विणायचा, ती सुताच्या कांड्या भरायची आणि रविवारी दोघं धुतल्या कपड्यांनी देवळात जायची. अडचण होती ती बुधवारची. बुधवारी दुपारी बायकांची प्रार्थनासभा भरायची. तिथं उभं राहून साक्ष द्यायची रीत होती, म्हणजे आपण कोणत्या पापात होतो आणि देवानं कसं बाहेर काढलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. सखूबाई तिचे मोहाची दारू गाळायचे दिवस असे काही सांगायची की बायकांचे पदर डोळ्यांना लागायचे आणि पाळक मधुसूदनराव तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचे. प्रयागबाई उभी राहिली की लहानपणी आईच्या गुळाची ढेप कुरतडल्याचं सांगायची, आणि बायका जांभया द्यायच्या.

चाळीस वर्षांत तिच्या डोक्यावर कुणाचा हात पडला नव्हता. तिला सखूबाईचा हेवा वाटायचा आणि वर आपण सखूबाईपेक्षा कितीतरी बऱ्या, असंही वाटायचं. आता ही दोन्ही पापंच की हो. पण घरातली वस्तू घरातच सापडू नये, तसं तिचं चाललं होतं.

चौपन्न सालचा पहिल्या फळांचा सण जवळ आला. ज्याच्या अंगणात जे पिकेल त्यातलं पहिलं आणून देवापुढं ठेवायचं, असा तो सण. आदल्या वर्षी शेजारच्या रंभाबाईच्या कवेलूंच्या छपरावर वेलाला एकच कोहळं, म्हणजे लाल भोपळा, धरलं होतं, पण दोन हातांत मावू नये एवढं. माहेरच्या, नरखेडकडच्या वाणाचं, खोल खोल फाकांचं. रंभाबाई म्हणजे मंडळीतली वडीलधारी, तिच्या शब्दाला मान. तिनं ते आधीच देवाच्या नावानं बोलून ठेवलं होतं, आणि सणाच्या दोन दिवस आधी कोहळं गायब. रिकाम्या हातानं देवळाच्या दारात उभी राहून ती रडली. चोर काही सापडला नाही.

म्हणजे पाप झालेलं होतं आणि त्याला धनी नव्हता. प्रयागबाईनं ते उचललं.

बुधवारी ती उभी राहिली आणि म्हणाली की ते कोहळं आपण चोरलं, बाकरभाजी केली आणि एकटीनं खाल्ली. खसखस किती घातली, खोबरं किती भाजलं, तेही सांगितलं. मग मधुसूदनरावांचा हात तिच्या डोक्यावर आला. तिनं एक डोळा किलकिला करून पाहिलं, नऊ बायका रडत होत्या, त्यात सखूबाईसुद्धा. रडत नव्हती ती फक्त रंभाबाई. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती उठली, प्रयागबाईला मिठी मारली, मोठ्यांदा म्हणाली, "मी तुले क्षमा केली वं," आणि आमेन व्हायच्या आत घरी निघून गेली.

हा मोठेपणा प्रयागबाईला फाटकापर्यंतच पुरला. ती रस्त्यानं चालली की बायका दोडक्यांवर सूप पालथं घालू लागल्या. रुपराव तर दोन दिवस बोललाच नाही. तिसऱ्या दिवशी माग थांबवून त्यानं विचारलं, "कवा केली वं बाकर? मले तर एक फोडबी नाही भेटली." बायको चोर निघाली याचं त्याला फारसं काही नव्हतं.

खरी गोष्ट घडली रविवारी. प्रभुभोजनाची थाळी समोर आली आणि भाकरीचा तुकडा घ्यायला तिचा हात उचलेना. न केलेल्या पापाची क्षमा पदरात पडली होती, तीही भरसभेत, आणि केलेल्या पापाची मागायचं तोंड राहिलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, आयुष्यात पहिल्यांदा अगदी पोटातून वाटली. तिनं थाळी तशीच पुढं दिली. हे असंच राहिलं तर प्रभूच्या मेजाशी आपल्याला पुन्हा कधी जागा नाही, हे तिला कळून चुकलं.

सोमवारी सकाळीच ती रंभाबाईच्या ओसरीवर जाऊन बसली.

"मावशी, मी कोहळं चोरलंच नाही. खोटं बोलली मी."

रंभाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मले मालूम हाय."

"तुमाले कसं मालूम?"

"काहून की ते मीच खाल्लं."

प्रयागबाईला वाटलं, म्हातारी आपली समजूत काढते आहे. पण रंभाबाईनं छपराकडं बोट केलं. वर यंदाचं कोहळं बसलं होतं, तसंच खोल फाकांचं. पिकलं का ते पाहायला म्हणून रंभाबाईनं गेल्या साली चीर दिली, तर आतून असा काही वास आला की दोन दिवस दार लावून तिनं बाकर खाल्ली. बिया मात्र फेकवल्या नाहीत, त्याच यंदा लावल्या. देवाच्या नावाचं खाल्लं म्हणून वर्षभर तिला झोप नव्हती, आणि त्या बुधवारी प्रयागबाई उभी राहिली तेव्हा देवानं आपल्यालाच पकडायला हिला पाठवलं, असं तिला वाटलं होतं.

मग आधी रंभाबाई हसली की प्रयागबाई, ते सांगता येणार नाही, पण तांदूळ ओसरीभर झाले.

बुधवारी रंभाबाई साक्षीला उभी राहिली आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा प्रयागबाई उठून तिच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "आधी माझं ऐका." तिनं सगळं सांगितलं, सखूबाईच्या हेव्यासकट. मग रंभाबाईनं आपलं सांगितलं. पहिली हसली ती सखूबाई, आणि हसत हसत येऊन तिनं प्रयागबाईला जवळ घेतलं.

मधुसूदनराव घोटाळले. मागच्या बुधवारची प्रार्थना फुकट गेली का, असं त्यांना क्षणभर वाटलं असावं. पण माणूस भला. आधी कुणाच्या डोक्यावर हात ठेवावा हे कळेना, तेव्हा त्यांनी दोघींच्या डोक्यांवर एकेक ठेवला आणि देवानं तर सगळं आधीच पाहिलं होतं, एवढंच म्हणून डोळे मिटले.

प्रयागबाई रडली, नाक लाल होईपर्यंत रडली. या खेपेला आणखी कोण कोण रडतंय, ते पाहायचं ती विसरली.