चार भिंतींचा खटला

करारसरांच्या पुस्तकात चौदाशे बारा खटले होते आणि त्यांतले चौदाशे अकरा तिने शोधून काढले होते. उरलेला एक तिच्या मुळावर उठला होता.

सर करार-कायद्याचे, म्हणून तीन पिढ्या त्यांना करारसरच म्हणत आल्या. त्यांच्या जाडजूड पुस्तकाचं नाव पोरांनी 'उशी' ठेवलं होतं, कारण परीक्षेच्या दिवसांत ते वाचलं कमी आणि डोक्याखाली जास्त घेतलं जायचं. ती सरांची जुनी विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात तोच विषय शिकवणारी. नव्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर सरांच्या नावाखाली तिचंही नाव यायचं होतं. अट एकच, आणि ती सरांची खास. कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहून सही करायची: 'या पुस्तकातला प्रत्येक खटला मी मूळ निकालपत्र उघडून पाहिला आहे.' आज चारपर्यंत सरांनी छापखान्याला होकार कळवला नाही, तर पुस्तक जुन्याच मुखपृष्ठाने निघणार होतं.

तिच्या वर्गातले बाकीचे काळा कोट चढवून मोठे झाले. हिने खडू धरला. भाऊ अजून चिडवायचा, "तू वकील घडवतेस गं, पण स्वतः काही होत नाहीस." अकरा वर्षं तिने ते हसण्यावारी नेलं होतं. पण एकदा तरी आपलं नाव पुस्तकावर छापलेलं बघावं, असं तिला फार फार वाटायचं.

स्टाफरूममध्ये गुन्ह्यांचा कायदा शिकवणारे सर बसले होते. त्यांना सगळे फौजदार म्हणत. तिने त्यांना अडचण सांगितली.

"पान तीनशे सात. घरमालकीण आणि भाडेकरू. त्याने खोली रंगवून द्यायची आणि दोन वर्षं फुकट राहायचं. रंग कुठला ते ठरलंच नव्हतं. त्याने दिला हिरवा, तिला हवा होता पांढरा. न्यायालय म्हणालं, पहिली भिंत हिरवी होताना जी गप्प बसली, तिला चौथ्या भिंतीला तक्रार करता येणार नाही. इतका सुंदर निकाल, आणि न्यायालयीन निकालांच्या कुठल्याच छापील अहवालात नाही!"

"ते वाक्य तर मी घरीही वापरतो," फौजदार म्हणाले. "सही करून मोकळी हो. इतक्या वर्षांत कोणी विचारलं? हल्ली पोरं गाईडसुद्धा शेवटच्या पानापासून वाचतात. कशाला हात दाखवून अवलक्षण?"

तिने कागद ओढला, वाक्य लिहिलं, सहीसाठी पेन टेकवलं. 'प्रत्येक' हा शब्द काही केल्या तिला पुढे जाऊ देईना. खोट्या सहीवर आलेलं नाव आपल्याला कधी अभिमानाने वाचता येणार नाही, हे तिला कळत होतं. तिने कागदाची घडी केली आणि थेट सरांचं घर गाठलं.

सरांच्या जेवणाच्या टेबलावर ताटं मावतील एवढीही जागा नव्हती, सगळीकडे नव्या आवृत्तीची तपासायची मुद्रितं. पलीकडे काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वेटरला बटणं लावत होत्या.

"सर, हा खटला कुठल्या न्यायालयाचा?"

"म्हणजे काय? तीस वर्षं शिकवतोय मी तो!" सरांचा पारा चढला. "वरच्या मजल्यावरची खोली. खिडकी रस्त्याकडे. रंग कमी पडला म्हणून दारामागचा पट्टा तसाच राहिला. भाडेकरू बिचारा शिडीवरून आपटलासुद्धा!"

"सर, आपटल्याचं पुस्तकात नाही."

"नसेल. पण आपटला."

"तुम्हाला कसं माहीत?"

सरांनी मुद्रितांतलं पान तीनशे सात शोधून डोळ्यांशी धरलं. काकूंना मात्र हसू आवरेना.

"अहो, आपटलात तुम्ही! खोली माझ्या आईची. लग्न झाल्यावर आम्ही तिथे राहिलो. सासू-जावई आठ दिवस त्या हिरव्या रंगावरून भांडत होते. शेवटी मी कंटाळून निकाल दिला. आणि हे गेले वर पुस्तक लिहायला."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. तो किस्सा त्यांनी घरचं उदाहरण म्हणून लिहायला घेतला होता. बायकोचा निकाल इतका पटला की हात 'न्यायालयाने ठरवले' असं लिहून गेला. मग दरवर्षी वर्गात रंगवून सांगता सांगता त्यांना न्यायाधीशही दिसू लागले. आणि त्यांची विद्यार्थिनी महिनाभर ग्रंथालयं पालथी घालत होती, काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"तीस वर्षं मी पोरांना खोटं शिकवलं," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की आपण आलोच नसतो तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"का? निकाल चुकला होता का माझा?" काकू कडाडल्या.

"नाही काकू," ती घाईने म्हणाली. "निकाल चोख आहे. याच मुद्द्यावरचे दोन खरे खटले पुस्तकात आहेतच. हा फक्त उदाहरण म्हणून छापायचा."

"एका वकिलाने हे पान दाखवून दावा जिंकलाय," सर पुटपुटले.

"म्हणजे माझा निकाल खऱ्या कोर्टात टिकला की!" काकू म्हणाल्या, आणि तिघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटले. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. काकू न चढताच जिंकल्या होत्या.

सरांनी 'न्यायालयाने' खोडलं, वर 'उदाहरण' लिहिलं. मग तिने घडी उलगडली आणि हात न अडखळता सही केली. सरांनी तो कागद दोनदा वाचला.

"असा कागद मी स्वतः कधीच लिहिला नाही," ते म्हणाले आणि त्यांनी छापखान्याला फोन लावला. "मुखपृष्ठावर दोन नावं. तिचं वर, माझं खाली."

"सर, नको! पुस्तक तुमचं आहे."

"लिहिलं मी. पण सबंध वाचणारी तू पहिलीच, माझ्यासकट." त्यांनी फोन तिच्या हातात दिला. "नाव सांग. छापायचंय."

तिने सांगितलं, पण इतकं हळू की पलीकडच्याला काही ऐकूच गेलं नाही. "कोण?" त्याने विचारलं. तिने डोळे पुसले आणि वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा खणखणीत आवाजात आपलं पूर्ण नाव पुन्हा सांगितलं.