‘संडे फेरी’ची बेस गिटार

मित्रांनो, मी एक जुनी बेस गिटार आहे. चार जाड तारा, विटकरी रंग आणि पाठीवर पट्ट्याच्या बक्कलाने पडलेले ओरखडे. दुसऱ्या गिटारी गाण्यात चमकतात. मी खाली राहून गाणं उचलून धरते. बहुतेकांना मी ऐकूच येत नाही. मी थांबले, की काहीतरी गेलं असं मात्र वाटतं.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. तासलेल्या लाकडाचा वास, आणि रंग वाळेपर्यंत टांगून ठेवलेल्या माझ्यासारख्याच पुष्कळ बहिणी, एवढंच. पुढे समुद्रावरून इंग्लंडला आले, दोन-तीन हातांतून गेले आणि हल शहरातल्या जुन्या सामानाच्या एका दुकानात शिलाई मशीनशेजारी उभी राहिले. तिथून मला टेरी मारने घरी नेलं. टेरी शहरात बस चालवायचा. मुलीच्या सोळाव्या वाढदिवसाला त्याने मला तिच्या मांडीवर ठेवलं.

“बाबा, हिला चारच तारा आहेत!” कर्स्टी म्हणाली.

“आधी एवढ्या वाजव. उरलेल्या पुढच्या वाढदिवसाला आणतो.”

ती इतकी हसली, की तिचं हसू माझ्या लाकडात घुमलं. त्या दिवसापासून मी तिची झाले.

कर्स्टीच्या वर्गातला क्रेग गाणी लिहायचा आणि गायचा. हॉवी ड्रम वाजवायचा. गालिच्यांच्या गोदामावर एक थंडगार खोली होती, तिथे तिघांचा सराव चाले. नदीवर पूल झाला आणि पलीकडे जाणारी बोट बंद पडली. त्या बोटीच्या आठवणीने त्यांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं ‘संडे फेरी’, म्हणजे रविवारची बोट.

क्रेगकडे एका गाण्याचे शब्द होते, पण गाणं काही केल्या उभं राहत नव्हतं. एका दुपारी कर्स्टीने माझ्यावर चार सूर वाजवले, पायऱ्या उतरत गेल्यासारखे. हॉवीचे हात थांबले.

“हे काय वाजवलंस?” क्रेगने विचारलं.

“काही नाही रे, उगाच.”

“उगाच काय! थांबू नकोस. वाजवत राहा.”

तेच गाणं त्यांचं नशीब ठरलं. त्याचं नाव ‘पुलापलीकडे’. आधी पबमध्ये वाजलं, मग रेडिओवर. लंडनच्या एका कंपनीचा ज्यूलियन नावाचा माणूस ते ऐकून हल शहरात आला, तिघांबरोबर त्याने बटाट्याच्या पॅटी आणि लाल मसाला भुरभुरलेले चिप्स खाल्ले, आणि रेकॉर्ड करू म्हणाला. मग आम्ही गावोगाव फिरलो. व्हॅनमध्ये हॉवी माझ्या पेटीवर डोकं ठेवून झोपायचा आणि कर्स्टी ओरडायची, “अरे, ती उशी आहे का?” एका उत्सवात, भर दुपारी, चिखलात उभ्या राहिलेल्या हजारो लोकांनी माझे चार सूर ऐकले आणि एकदम आरोळी ठोकली. मग सगळे क्रेगचे शब्द गाऊ लागले. मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो आला. त्यात क्रेग पुढे होता, कर्स्टी मागे धूसर, आणि माझं तर नुसतं डोकं दिसत होतं. तरी टेरीने तो अंक बसमध्ये समोरच्या काचेशी लावून ठेवला होता.

पण मित्रांनो, गाण्याच्या दुनियेत वारं फार लवकर फिरतं. दोन वर्षांत लोकांना गिटारींचा कंटाळा आला, नाचायची गाणी हवीशी झाली. दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी ज्यूलियन स्टुडिओत आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, “कर्स्टी, तू छानच वाजवतेस. पण या खेपेला खालचे सूर आपण यंत्रातून घेऊ. बँडमध्ये तू आहेसच की. फोटोत आहेस, स्टेजवर आहेस.”

कर्स्टीने क्रेगकडे पाहिलं. क्रेग मान खाली घालून आपली गिटार जुळवत होता. ती सुरातच होती. मला ऐकू येत होतं.

“क्रेग?” हॉवी म्हणाला.

क्रेग खुंट्या पिळत राहिला. कर्स्टीने मला पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

त्यानंतरच्या दौऱ्यात ती मला गळ्यात घेऊन रोज स्टेजवर उभी राहायची. बोटं चालवायची. माझी वायर मात्र कुठेच जोडलेली नसायची. तारा थरथरत होत्या, पण त्यांचा आवाज फक्त आम्हा दोघींपुरताच होता. समोर एवढी गर्दी, आणि पुढे कपाटात पडून राहिले, तेव्हासुद्धा मी तितकी एकटी नव्हते.

ती रेकॉर्ड चालली नाही. कंपनीचे फोन बंद झाले. मोठी सभागृहं गेली, लहान आली, मग पुन्हा पब. लेस्टरमध्ये समोर जेमतेम एक टेबलभर माणसं होती. सामान आवरताना हॉवी म्हणाला, “मी आता थांबतो रे. मूल होणार आहे आम्हाला.” सगळे वायरी गुंडाळत राहिले. भांडण झालं असतं तर बरं, निदान एकमेकांचे आवाज तरी ऐकू आले असते.

क्रेग मँचेस्टरला गेला आणि एकटा गाऊ लागला. कर्स्टी पुन्हा शिकली आणि इस्पितळात लोकांचे कान तपासण्याच्या कामाला लागली. मी टेरीच्या घरी जिन्याखालच्या कपाटात राहिले, व्हॅक्यूम क्लीनर आणि नाताळच्या दिव्यांबरोबर. तारा गंजल्या. मान वाकली. नाताळात दिवे काढायला दार उघडलं, की टेरी पेटीवरून फडकं फिरवायचा आणि विचारायचा, “काय बाई, बरी आहेस ना?” वर्षभरात माझ्याशी कोणी बोलायचं ते एवढंच.

अशी पुष्कळ वर्षं गेली. एका रविवारी दुपारी क्रेगचा आवाज ऐकू आला. तो पोक्त झाला होता, पण मी ओळखला.

“पहिल्या रेकॉर्डला वीस वर्षं होतायत, कर्स्टी. लोकांना आपण पुन्हा हवे आहोत. हॉवी येतोय. तू ये.”

“त्या दिवशी तू गिटार जुळवत बसलास.”

खुर्ची करकरली.

“मला भीती वाटली,” क्रेग म्हणाला. “बोललो तर मलाही काढतील असं वाटलं.”

स्वयंपाकघरातून टेरी ओरडला, “पोरी, चहा टाकू, का याला घालवू?”

“टाका चहा, बाबा.”

मग कपाटाचं दार उघडलं आणि कर्स्टीने मला बाहेर घेतलं. तिचे केस पांढरे व्हायला लागले होते.

“मी नाही येणार,” ती म्हणाली. “राग म्हणून नव्हे. माझ्याकडे लहान मुलं येतात. कानात यंत्र बसवलं, की पहिल्यांदा आईचा आवाज ऐकतात. ते सोडून मला व्हॅनमध्ये बसायचं नाही. पण हिला ने. ते सूर हिच्यावरच बसतात. फक्त हिची वायर जोडलेली असू दे.”

क्रेगने माझी मान सरळ करून घेतली, नव्या तारा लावल्या. कर्स्टीच्या जागी मारिसा नावाची तरुण मुलगी आली. तिचा हात फार तयार होता. माझा आवाज पुन्हा सभागृहं भरू लागला. लोक गात होते, रडत होते. मी मात्र प्रत्येक गावात माझ्या पाठीवर ओळखीचा श्वास शोधत होते.

शेवटचा कार्यक्रम हल शहरातच होता. कर्स्टी आणि टेरी अगदी पुढे उभे होते. क्रेग माइकवर म्हणाला, “हे चार सूर जिने रचले, ती इथे आहे. कर्स्टी, ये ना वर!” तिने हसून मान हलवली. नाही.

मारिसाने चार सूर सुरू केले. सगळं सभागृह क्रेगचे शब्द गाऊ लागलं. एकटी कर्स्टी शब्द गात नव्हती. ती माझे सूर गुणगुणत होती. तिसऱ्या सुरावर ती पूर्वीपासून जरा रेंगाळायची, तशीच आताही रेंगाळली. मारिसाची नजर तिच्या ओठांवर होती. पुढच्या फेरीला तिसरा सूर आला, तेव्हा मारिसाही तिच्यासाठी थांबली.

दौरा संपल्यावर क्रेग मला परत देऊन गेला. आता मी टेरीच्या बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी असते. टेरी खुर्चीत डुलक्या घेतो. कर्स्टी आली तर कधी मला उचलते, कधी थकलेली असते आणि नाही उचलत. मी वाट पाहते.

मित्रांनो, तुमच्या सोबतीला खालच्या आवाजात काम करणारं कोणीतरी असेल. त्याला कोणी बाजूला सारू लागलं, तर त्याच क्षणी बोला. नंतर बोललेलंही खरंच असतं, पण मधली वर्षं ते परत देत नाही. आणि घरात एखादं वाद्य पडून असेल, तर त्याची नुसती धूळ पुसू नका, त्याला वाजवा. बेसूर वाजलं तरी चालेल. आम्हाला वाजता येतं, हाक मारता येत नाही.