शंभराव्या रेघेच्या अलीकडे

कपाटाच्या दारावर खडूच्या सत्त्याण्णव रेघा होत्या. आजी रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी एक ओढायची. शंभर झाल्या की ठकी शाळेत जाणार, असा त्या घरातला कायदा. कायदा आजीचा, म्हणजे त्यावर दादफिर्याद नाही.

ठकीला नववं वर्ष. पोरीचं रक्तच नासलं होतं. बापाच्या मूळपेशी अंगात घालून तिला उभी केली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "पहिले शंभर दिवस डोळ्यांत तेल घालून जपा." आजीनं ते ऐकलं आणि त्यात आपलं एक कलम घातलं. मध्येच पोर शिंकली, खोकली, अंग जरा कोमट लागलं, की मोजणी पहिल्यापासून. ओल्या फडक्याचा एक फटकारा, की गेल्या साठ रेघा. असे ते शंभर दिवस दीड वर्ष चालले होते.

सून एकदा म्हणाली, "आई, शाळेत पाठवा असं डॉक्टर केव्हाच म्हणालेत."

"डॉक्टर पाच मिनिटं बघतो, मी दिवसभर बघते. माझ्या हातात खडू आहे म्हणून पोर आहे."

सून पीठ मळायला वळली. कपडे शिवायच्या कारखान्यात दिवसभर मान मोडून आल्यावर सासूशी भांडायला त्राण कुठून आणायचं?

खिडकीच्या फटींना चिकटपट्टी होती. दाराची कडी दिवसातून चारदा पुसली जाई. समोरच्या घरातली मैत्रीण काचेपलीकडून हात हलवायची. हल्ली तीही येईनाशी झाली होती. एकाच खोलीत आजी आणि ठकी, एकमेकींवर पहारा ठेवून. आजीलाही दीड वर्षात बहिणीचं तोंड दिसलं नव्हतं, पण ते बोलून दाखवेल ती आजी कसली!

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात सिस्टर कागद घेऊन आली. त्यावर पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत.

"आजी, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी कशाला? हिचं पोट दुखणार हे हिच्याआधी मला कळतं."

"बरं, बसा. पण उत्तरं तिची हं. ठकी, खेळायला मिळतं का?"

"मिळतं की! चांगलं—"

"आजी!"

ठकीनं मधल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"आणि दुखलंखुपलं तर घरी सांगतेस?"

बोट सरकत सरकत शेवटच्या चेहऱ्यावर गेलं. रडक्या.

"का गं?"

"सांगितलं की आजी पुसते."

"काय पुसते?"

"दिवस."

सिस्टरनं आजीकडे पाहिलं, मग हातमोजे चढवले. "आ कर बघू, बाळा."

गालांच्या आतून पांढरे चट्टे, जिभेच्या कडेला फोड. "कधीपासून?" तर म्हणे, "चाळिसावी रेघ होती तेव्हापासून."

दोन महिने पोर सगळं दुधात कालवून मागत होती आणि आजी शेजारणीला दारातूनच सांगत होती, माझी नात बघा, चावायचेसुद्धा कष्ट देत नाही. तळहाताच्या फोडासारखं जपलं, आणि तोंडातले फोड दिसले नाहीत!

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर आजीला बरं वाटलं असतं, तोंडाला तोंड देता आलं असतं. "नव्या पेशी कधी कधी अंगावरच उलटतात," ते म्हणाले. "लवकर कळलं असतं तर गुळण्यांवर भागलं असतं. आता गोळ्या. पंधरा दिवसांनी दाखवा, मग शाळा. तोवर मोकळ्या हवेत फिरवा."

घरी आल्याबरोबर ठकी कपाटापुढे जाऊन उभी राहिली. ओलं फडकं तिनं स्वतःच आणलं होतं.

"घे. पूस."

आजीनं फडकं घेतलं. हात कपाटाकडे गेला, सवयीचा हात. मग तिनं ते बादलीत टाकलं आणि खडू नातीच्या हातात दिला. "उरलेल्या तीन तूच ओढ."

"आजच?"

"आजच. कायदा माझा आहे ना?"

ठकीनं तीन रेघा ओढल्या, तिसरी वाकडी. आजीनं दार उघडलं. वाऱ्यानं चिकटपट्टीचं सुटलेलं टोक फडफडलं. ठकी उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली, दोन्ही हातांनी चौकट धरून.

"जा की."

"आजी, बाहेर शिंक आली तर?"

आजी पुढे झाली, उंबऱ्याच्या पलीकडे एक पाय टाकून उभी राहिली आणि हात पुढे केला.

ठकीनं अजून चौकट सोडली नव्हती.