त्याच्या नावाचं कडवं

त्या माणसाचं नाव मी घेणार नाही. विचारा, पुन्हा विचारा, रम पाजून विचारा, तरी घेणार नाही. माझ्या पोराला त्यानं मारलं. बाकी सगळ्यांची नावं सांगते.

मी युडोरा. आमच्या बेटावरच्या पोर्ट ऑफ स्पेन शहरात ड्राय रिव्हर नदीच्या पुलामागे राहते, खारवलेल्या माशाची भजी तळून विकते. माझा धाकटा भाऊ थिओफिलस, घरात टिओ, आणि गाण्याच्या तंबूत उभा राहिला की ‘माइटी कटलास’, म्हणजे महाबली कोयता. कॅलिप्सो, म्हणजे आमची भल्याभल्यांची खोड काढणारी गाणी, ती गाणाऱ्याचं आईबापानं ठेवलेल्या नावावर भागत नाही, ऐकणाऱ्याला धडकी भरेल असं नाव लागतं. टिओची कसली धडकी? घरात सरडा शिरला की हा खुर्चीवर. पण जीभ म्हणाल तर अशी की तिनं मोठमोठ्या साहेबांना, पाद्र्यांना आणि माझ्या नवऱ्याला भर तंबूत नागडं केलं होतं. नवरा त्यानंतर व्हेनेझुएलाला जो पळाला तो पळालाच. बरं झालं, पीडा गेली.

माझा एकुलता एक मुलगा क्लीव्ह. तेलाच्या पिंपाचं बूड ठोकून केलेलं पॅन गळ्यात अडकवून तो ‘निनवे’ बँडात वाजवायचा. वेडा होता त्या पिंपापायी. नव्या वर्षाच्या दिवशी ‘निनवे’ वाजवत रस्त्यावर उतरला, समोरून ‘मोंबासा’ बँड आला, आणि पुलावर कुणी कुणाला वाट देईना. वाट देणं म्हणजे नाक कापून घेणं. मग बाटल्या उडाल्या, दगड उडाले, कोयते निघाले. लोकांनी पॅन टाकून पळ काढला. क्लीव्हनं टाकलं नाही. तो वाजवतच राहिला, आणि त्या माणसानं मागून येऊन त्याच्या कमरेच्या वर सुरा घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

मी पोचले तेव्हा माझं लेकरू पॅनवर पालथं पडलं होतं. पॅनच्या खोलगट तोंडात रक्त साचलं होतं, इतकं की उचलल्यावर ते माझ्या झग्यावर सांडलं. अजून गरम होतं ते.

अख्ख्या पुलानं पाहिलं. पोलीस आले तेव्हा अख्खा पूल आंधळा झाला. मला त्याचा राग नाही आला, खोटं कशाला बोलू? आमच्याकडे इंग्रजाच्या पोलिसाला कुणी काही सांगत नाही. दंगल झाली की तिचं गाणं होतं, कोण लढला, कोण पळाला ते गाण्यात येतं, उपासाच्या आधी कार्निव्हलचा सण येतो त्यात रस्तोरस्ती लोक गातात, आणि तोच निकाल. म्हणूनच तर आमचे दादा लोक मारामाऱ्या करतात. सगळा जीव त्या एका कडव्यासाठी.

टिओनं गाणं केलं. मातीहून आलो त्या आठवड्यातच. आवारात बसून मला म्हणून दाखवलं. आधी क्लीव्हचं कडवं, ते ऐकून मी ओक्साबोक्शी रडले. मग त्यानं त्या माणसाचं कडवं म्हटलं. त्याच्या नावाला यमक जुळवून, त्याची ढेरी, त्याचा सोन्याचा दात, त्याचं पाठीमागून येणं, सगळं असं काही गुंफलं होतं मेल्यानं की मी हसले. ऐकताय ना? पोराला पुरून आलेली आई मी, आणि फिसकन हसले!

हसले आणि अंगाला आग लागली. टिओच्या थोबाडीत मारली.

“ताई!” तो गाल धरून ओरडला. “अगं, सोलून काढलाय त्याला! याच्याहून चांगलं कडवं मी जन्मात केलं नाही.”

“म्हणूनच! मी हसले, तर लोक काय करतील? डोक्यावर घेतील. पोरंसोरं त्याचं नाव घेऊन नाचतील. शिव्या दे, नाहीतर आरती ओवाळ, तो गाण्यात गेला की मोठा झाला. माझ्या पोराला मारून तो मोठा होणार? नाव नाही घ्यायचं त्याचं. कुठेच नाही.”

“मग त्या जागी काय गाऊ?”

“काही नाही. गप्प राहा.”

“कॅलिप्सोवाला आणि गप्प? ताई, लोक म्हणतील ओळ विसरला.”

“म्हणू देत.”

तो गिटारची खुंटी पिळत बसला. चांगलं कडवं टाकून देणं त्याला किती जड जात होतं ते मला दिसत होतं. शेवटी “बरं” म्हणाला. टिओनं शब्द दिला की दिला.

बातमी फुटायला किती वेळ लागतो? दोन दिवसांत तो माणूस ‘मोंबासा’ची तीन दांडगी पोरं घेऊन आवारात आला. डोक्यावर नवी हॅट. लग्नाला आल्यासारखा हसत होता.

“काय कटलासभाऊ, गाणं केलंयत म्हणे पुलाचं. माझं कडवं ऐकवा की.”

“तुझं कडवं नाही,” टिओ म्हणाला.

“नाही कसं? त्या आमच्यातल्या मरतुकड्या हेक्टरनं एकाचे दोन दात पाडले तर त्याला गाणं मिळालं. दात! मी तर माणूस...” तेवढ्यात त्याची नजर माझ्याकडे गेली. थांबेल असं वाटलं. थांबला नाही. “मी तर माणूस आडवा केलाय, बाई.”

मी हातातला झारा घेऊन धावले. एकानं माझ्या पोटात लाथ घातली, मी चुलीपाशी कोसळले. दोघांनी टिओला जमिनीवर पालथा दाबला. त्या माणसानं आधी गिटार भिंतीवर आपटून फोडली. मग टिओचा डावा हात उंबऱ्यावर ठेवला आणि बुटाच्या टाचेनं बोटं ठेचली, एकेक करून. प्रत्येक बोटाला विचारत होता, “आता येईल माझं नाव?” बोटं मोडल्याचा आवाज मला चुलीपर्यंत ऐकू येत होता. टिओ गुरासारखा ओरडला, पण हो म्हणाला नाही.

“शनिवारी तंबूत पहिल्या रांगेत बसतोय मी,” तो हॅट झटकत म्हणाला. “नाव आलं नाही तर जीभ घेऊन जाईन.”

मी टिओला म्हटलं, “टाक घालून त्याचं नाव. क्लीव्ह गेला, आता तू नको.” खरंच म्हटलं. मनापासून म्हटलं. त्याचा हात मी कापडात बांधत होते, सुजून काळानिळा झाला होता.

“तूच म्हणालीस ना नको म्हणून?”

“आता मीच म्हणतेय घे म्हणून!”

“तुझं काय गं, घटकेत हे, घटकेत ते,” तो म्हणाला आणि तसल्या दुखण्यातही हसला. “क्लीव्हनं पॅन टाकलं का? मग झालं तर.”

शनिवारी तंबू तुडुंब भरला. तंबू म्हणायचं नुसतं, वर पत्रा आणि भोवती बांबू. मी माझी शेगडी आणि तेलाची कढई स्टेजच्या कडेलाच मांडली होती, दरवर्षी मांडते तिथेच. तो पहिल्या रांगेत, मांडीवर हॅट, दाढीच्या उघड्या वस्तऱ्यानं नखं कोरत बसलेला. टिओ आला. हात गळ्यात बांधलेला, गिटार नाही. वाजवणाऱ्यांनी ताल धरला आणि त्यानं आवाज सोडला:

“सांगा लोकहो, पुलावरती पाय कुणाचा हलला नाही?
क्लीव्हचा, क्लीव्हचा! पॅन गळ्यात, ठोका त्यानं चुकवला नाही!
सांगा लोकहो, पाठीमागनं वार कुणी केला हो?”

आणि तो गप्प झाला. ताल चालूच होता. तंबूत कुणी खोकलंसुद्धा नाही. ती पूर्ण ओळ त्यानं तोंड मिटून जाऊ दिली, सरळ त्या माणसाकडे बघत, आणि मग पुढची ओळ उचलली. लोकांना कळलं. आधी मागच्या बाकांवरून, मग सगळीकडून असा आरडाओरडा उठला की पत्रा थरथरला. “पुन्हा! पुन्हा!”

टिओ पुन्हा त्या ओळीपाशी आला, गप्प झाला, आणि तो माणूस स्टेजवर चढला. “बोल!” तो ओरडला. “बोल माझं नाव!” टिओनं मान हलवली. त्यानं टिओचे केस धरून डोकं मागे ओढलं, वस्तरा तोंडात घातला आणि ओठाच्या कोपऱ्यापासून कानापर्यंत गाल फाडला. दात दिसले. आतल्या दाढांपर्यंत सगळं दिसलं मला.

कढई उचलायला मी फडकं घेतलं नाही, भानच नव्हतं. हे बघा माझे तळहात. उकळतं तेल, त्यातली भजी, सगळं मी त्याच्या तोंडावर ओतलं. तो जे किंचाळला ते माणसाचं किंचाळणं नव्हतं. वस्तरा पडला, सोललेलं कातडं त्याच्याच हातात आलं. मग लोक बाकं घेऊन तुटून पडले. मी त्यांना थांबवलं नाही. मला बरं वाटत होतं, खूप बरं वाटत होतं.

पोलीस आले. तेल कुणी ओतलं म्हणून विचारलं. तंबू पुन्हा आंधळा.

टिओ जगला. डॉक्टरांनी गाल शिवला, पण तोंड एका बाजूनं उघडेना. दुसरे गाणारे माझ्याकडे आले, डोळे चमकत होते मेल्यांचे. “काय गाणं होईल, युडोराबाई, तुमच्या कढईचं! राणी व्हाल तुम्ही कार्निव्हलची.”

“आणि तेल कुणावर ओतलं म्हणाल? त्याच्यावर ना? त्याला गाण्यात घालाल ना? चालते व्हा!” मी झारा उचलला तसे पळाले.

कार्निव्हलचा मंगळवार आला. टिओला खिडकीत बसवून मी रस्त्यावर उभी राहिले. ‘निनवे’ टिओचं गाणं वाजवत गेला, ते अपेक्षितच होतं. पण मागून ‘मोंबासा’ आला, आणि तेही तेच वाजवत होते! त्या माणसाची माणसं, हजारो तोंडं, सगळी तेच गात होती. वार कुणी केला हो, असं म्हणून सगळे एकदम गप्प व्हायचे, आणि गाडीच्या चाकाचं लोखंड बडवणारी पोरं तेवढी जागा जीव खाऊन बडवायची.

तो त्यांच्यातच होता. डोक्याला पट्ट्या, एक डोळा गेलेला. ती जागा आली की तो तोंड वासून स्वतःचं नाव ओरडायचा. गळ्याच्या शिरा फुगत होत्या. मी हाताच्या अंतरावर होते आणि मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्याच्याच बँडातल्या एकानं त्याला खांद्यानं बाजूला सारलं, वाजवायला अडचण होत होती म्हणून.

मला वाटलं होतं, हे पाहून माझं काळीज थंड होईल. मग पहिलं कडवं पुन्हा सुरू झालं, पाय कुणाचा हलला नाही, आणि शेजारच्या म्हाताऱ्या सिलेस्टीननं माझा कोपर ओढला. “गा ना, युडोरा! तुझ्याच पोराचं नाव आहे!”

मी तोंड उघडलं. अख्खं शहर क्लीव्ह, क्लीव्ह म्हणून ओरडत होतं, आणि माझ्या गळ्यातून ते निघेना.