ओट्यावरचा स्पीकर

मी एक जुना बटणांचा फोन आहे, मित्रांनो. येलदरी धरणाजवळच्या उमाजी मेंढपाळांच्या घरातला एकुलता एक. कधीकाळी चकचकीत होतो. आता पाठीला रबर बांधलंय, नाहीतर बॅटरी निसटते. पण आवाज अजून खणखणीत! या घरात फोन कानाला लावायची रीतच नाही. मला ओट्यावर ठेवायचं, स्पीकर लावायचा आणि सगळ्यांनी मिळून बोलायचं. "आमच्यात चोरून कायबी न्हाई," असं उमाजी मोठ्या तोऱ्यात सांगायचे.

कोरोनात त्यांचा थोरला आदिनाथ गेला. धाकटी विजयमाला त्या दिवसापासून मुकीच झाली. ताटातली भाकर तशीच राहायची. गावातल्या आशा सेविकेनं तालुक्याच्या दवाखान्यातल्या समुपदेशक राजेश्रीताईंना कळवलं. एरवी त्या दार लावून एकेका मुलाशी बोलायच्या. आता त्यांच्या खोलीत रुग्णांच्या खाटा लागल्या होत्या, म्हणून त्या फोनवरून बोलू लागल्या.

"विजू, कशी आहेस?"

"बरी हाय."

भोवती आई, बाप, चुलती, शेजारी. दर वेळी हेच. अस्सा राग यायचा मला! अरे, एवढ्या कानांपुढं लेकरू काय बोलणार?

ताईंनी ते ओळखलं. एकदा त्यांनी विजूच्या आईला, केवळाबाईंना विचारलं, "मेंढी व्यायला लागली की गर्दी करता का हो?"

"छ्या! लांब व्हतो की. गर्दी केली की बिथरती ती."

"मग लेकीलाही तेवढी जागा द्या. लांबूनच नजर ठेवा."

दुसऱ्या दिवशी माळावर मेंढरं चरत असताना केवळाबाईंनी मला विजूच्या हातात दिलं आणि त्या हाकेच्या अंतरावर जाऊन बसल्या. स्पीकर बंद होता.

"ताई, दादा आतून पाणी मागायला व्हता. मी भिऊन आत गेलेच न्हाई. आता रोज धरणाकडं पाय वळायलेत माझे."

"फोन ठेवू नकोस," ताई म्हणाल्या. "मी आहे इथं. हे आईला सांगू या?"

मग विजूनं आईला हाक मारली. केवळाबाई धावत आल्या, सगळं ऐकलं आणि लेकीला बिलगून बसल्या. "त्या दाराशी मीबी उभी व्हते गं. मलाबी भ्याव वाटलं."

विजू अजून हसत नाही. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, आणि घरचे तिला धरणाकडं एकटं सोडत नाहीत.

परवा ताईंचा फोन आला, मी वाजलो. उमाजींचं बोट सवयीनं स्पीकरकडं गेलं आणि थांबलं. त्यांनी ओट्यावरच्या सगळ्यांना उठवलं, मला लेकीच्या हातात दिलं. "बोल माय. आमी न्हाई हितं," म्हणाले आणि मेंढरांकडं तोंड करून डोळे पुसत उभे राहिले.

मित्रांनो, मला नाही जपलंत तरी चालेल, मी फुटलो तर दुसरा मिळेल. पण कुणी "बरी हाय" म्हणालं, तर आधी ओटा रिकामा करा. मग पुन्हा विचारा.