खालच्या वळणावर बंधारा नको

शाळेच्या खोलीत सभा भरली तेव्हा बंधाऱ्याचा नकाशा आधीच भिंतीवर लटकत होता. जलसंधारण खात्याच्या साहेबांनी रजिस्टर पुढे सरकवलं. गावाने फक्त सह्या ठोकायच्या होत्या. पाणी समितीत बायकांच्या वतीने शिंपीण होती. सही करण्याआधी तिने वरचा मजकूर वाचला, तोही मोठ्याने: "ग्रामस्थांशी चर्चा करून जागा निश्चित केली."

"चर्चा कधी झाली, साहेब?"

"ही काय, चालू आहे की."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. शिंपिणीला हसू आलं नाही. बंधारा नाल्याच्या खालच्या वळणावर धरला होता, कारण ट्रक तिथवर जातो. त्याच वळणावर तिने वीस उन्हाळे वाळू उकरून पाणी भरलं होतं.

"तिथे खाली पुरुषभर वाळू आहे," ती म्हणाली. "अडवलेलं पाणी खालून निघून जाईल. वर अरुंदीत जा, नाला चिंचोळा होतो तिथे. कमरेइतकं खणलं की खडक लागतो."

"मशीनने सर्वे झालाय, बाई."

समितीचा अध्यक्ष म्हणजे तिचा धाकटा दीर. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, चारचौघांत मला तोंडघशी पाडू नका. योजना हातची जाईल."

"भाऊजी, घरी तुम्हाला वाढते, ते वाढतच राहीन. सही मात्र मिळायची नाही."

तिने रजिस्टर मिटून परत सरकवलं. मागच्या सतरा बायका उठल्या आणि तिच्याबरोबर बाहेर पडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही जागी कमरेइतके खड्डे खणले आणि साहेबांना बोलावणं धाडलं. साहेब आले, बूट सांभाळत काठावर उभे राहिले. बायकांनी दोन्हीकडे दहा-दहा हंडे ओतले. खालच्या खड्ड्यातलं पाणी रिकामे हंडे खाली ठेवेपर्यंत गडप झालं. वरचं दुपार कलली तरी तसंच होतं.

"नकाशा वरच्या ऑफिसातून मंजूर आहे," साहेब शेवटी म्हणाले. "बदलायचा तर वर्ष जाईल."

"जाऊ दे. गळका बंधारा आम्हाला जन्मभर बघावा लागेल, तुम्हाला नाही."

योजना परत गेली. गावात कुजबुज सुरू झाली, हिने हातातोंडाशी आलेला घास घालवला म्हणून. दोघीतिघींनी शिवायला टाकलेले कपडे परत नेले. तिला ते लागलं. आठवड्याभराने ती पाटी घेऊन अरुंदीत गेली आणि दगड रचू लागली. पहिल्या दिवशी पाचजणी होत्या, आठव्या दिवशी चाळीस माणसं. दीर अकराव्या दिवशी उगवला. कुणाकडे न बघता त्याने पहार उचलली.

"वहिनी, हा थर तिरका आलाय."

"मग उभे काय राहिलात? सरळ करा."

त्या साली दगडी बांधामागे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गुडघाभर पाणी टिकलं. साहेब नवा नकाशा घेऊन आले, अरुंदीतल्या पक्क्या बंधाऱ्याचा. गावाने तो नाल्यात दगडांवर पसरायला लावला आणि तासभर वाचला. शिंपिणीने दोन जागी बोट ठेवलं.

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढली.